वाहक आणि श्रोता

घराघरांत इंटरनेट पोहोचविणारे राउटर हे यंत्र प्रारंभी मुके होते आणि बहिरेही होते. दूरचित्रवाणी संचाच्या मागे किंवा कपाटाच्या माथ्यावर ते पडून असे. बाहेरून आलेली तार त्याच्यात शिरे, आणि घरातील संगणक, भ्रमणध्वनी व इतर उपकरणे यांच्याकडे येणारा-जाणारा सारा मजकूर ते निमूटपणे इकडून तिकडे पोचवीत राही. नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेझॉनने 'एको' नावाचा, बोललेले ऐकून उत्तर देणारा स्पीकर अमेरिकेत विक्रीस आणला. दोन वर्षांनी गूगलने 'गूगल होम' आणला. आणि त्यानंतर थोड्याच काळात, मजकूर वाहणारे यंत्र आणि माणसाचे बोलणे ऐकणारे यंत्र ही दोन एकाच आवरणात घालण्याची कल्पना कंपन्यांना सुचली. २०१८ साली नेटगिअरने 'ऑर्बी व्हॉइस' जाहीर केला, २०१९ साली गूगलने 'नेस्ट वायफाय' आणला, २०२१ च्या आरंभी टीपी-लिंकने 'डेको व्हॉइस एक्स२०' दाखविला, आणि २०२२ साली अमेझॉनने उलट्या दिशेने तेच अंतर तोडले: ईरो ही राउटर बनविणारी कंपनी त्याने २०१९ मध्येच विकत घेतली होती, तिचे तंत्र त्याने आपल्या 'एको डॉट' या छोट्या स्पीकरातच घातले, जेणेकरून स्पीकर स्वतःच घरातील वायफायची कक्षा वाढवील.

या संयोगाने गृहस्थाचे काही बिघडते काय, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला, तरी ज्या घरात आपण निर्धास्तपणे बोलतो त्या घराच्या स्वरूपाशी तो निगडित आहे. आणि त्याच्या दोन्ही बाजूंना विचारी माणसे असल्यामुळे, दोन्ही बाजूंचे म्हणणे समोरासमोर ठेवण्यासाठी पुढील संवाद रचला आहे. यातील भाचा न्यू जर्सीत स्थायिक झालेला आणि संगणकांची जाळी उभारण्याच्या व्यवसायातला आहे; मामा पुण्याचे, दूरसंचार खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. भाच्याने आपल्या घरी असे जोडयंत्र बसविले आहे, आणि मामांच्या घरीही ते बसवावे असा त्याचा आग्रह आहे. व्यक्ती कल्पित आहेत. त्यांनी उल्लेखिलेल्या घटना सर्व घडलेल्या आहेत.

भाचा : मामा, तुमचा आक्षेप ऐकण्यापूर्वी मला माझी बाजू सविस्तर मांडू द्या, कारण ही वस्तू केवळ हौसेपोटी निर्माण झालेली नाही. राउटर कोठे ठेवावा याचे शास्त्र अगदी साधे आहे: घराच्या मध्यभागी, उघड्यावर आणि थोडा उंचावर. भिंतीतून, लोखंडी कपाटातून जाताना रेडिओलहरी क्षीण होतात हे तुम्हांला मी सांगावयास नको. परंतु लोक नेमके उलट करतात. ते यंत्र दिसावयास ओबडधोबड म्हणून त्याला कपाटात कोंडतात, आणि मग मागच्या खोलीत इंटरनेट येत नाही म्हणून कंपनीकडे तक्रार नोंदवितात. गूगलने २०१५ मध्ये टीपी-लिंककडून 'ऑनहब' नावाचा देखणा राउटर करवून घेतला तो लोकांनी तो उघड्यावर ठेवावा याच हेतूने. पुढे मेश पद्धत आली, म्हणजे एका राउटरऐवजी घरभर दोन-तीन ठाणी मांडावयाची. आता प्रत्येक मोठ्या खोलीत एक डबी ठेवावयाचीच असेल, तिला वीज द्यावयाचीच असेल, तर तिनेच गाणे ऐकविले, हवामान सांगितले, औषधाच्या वेळेची आठवण केली, तर त्यात वाईट काय झाले? आणि मामीचा विचार करा. तिची दृष्टी अधू झाली आहे. फोनच्या काचेवरची बारीक अक्षरे तिला दिसत नाहीत. 'मुलीला फोन लाव' एवढे म्हणताच फोन लागला, तर तिचे परावलंबन कमी होईल. ही सोय तुच्छ मानता येणार नाही.

मामा : मी ती तुच्छ मानीत नाही. किंबहुना बोलक्या स्पीकरालाही माझा तत्त्वतः विरोध नाही. ज्याला तो हवा त्याने तो खुशाल घ्यावा, नको झाला की त्याची तार काढावी. माझी हरकत आहे ती दोन कामांच्या संयोगाला. माझी सारी नोकरी दुसऱ्यांचे निरोप वाहून नेणाऱ्या खात्यात गेली, आणि त्या खात्याचा पाया एका नियमावर उभा होता: जो वाहतो त्याने ऐकू नये. १८८५ चा तार कायदा परक्या सरकारने केलेला. तथापि त्यातसुद्धा, तारखात्याच्या नोकराने एखादा निरोप बेकायदा अडविला किंवा त्यातील मजकूर उघड केला, तर त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली होती. सरकारने स्वतःला निरोप अडविण्याचा अखत्यार राखून ठेवला होता हे खरे, आणि स्वातंत्र्यानंतरही तो तसाच राहिला. पण १९९६ साली पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने त्याला लगाम घातला. गृहसचिवाचा लेखी हुकूम पाहिजे, त्या हुकुमाला मुदत पाहिजे, आणि त्याची छाननी करणारी समिती पाहिजे, असे ठरले. म्हणजे वाहणाऱ्याने ऐकावयाचेच झाले, तर त्याला कारण, मर्यादा आणि तपासणी या तिन्ही गोष्टी बंधनकारक झाल्या. तू जे यंत्र माझ्या घरी आणू पाहतोस, त्यात वाहणारा आणि ऐकणारा एकच असून या तिहींपैकी एकही गोष्ट माझ्या हाती नाही.

भाचा : तुमची तुलना मला सर्वस्वी पटत नाही. तारखाते नागरिकाच्या नकळत ऐकू शकत होते. येथे तर गृहस्थ स्वतः दाम मोजून, अटी मान्य करून यंत्र आणतो. शिवाय ते अहोरात्र ऐकून सारे बोलणे कंपनीकडे पाठविते, ही समजूत चुकीची आहे. त्याच्यातील छोटी चिप केवळ शेवटचे काही क्षण स्मृतीत धरते, ठरलेला हाकेचा शब्द आला की नाही एवढेच ताडून पाहते, आणि न आल्यास ते क्षण पुसून टाकते. हाक ऐकल्यानंतरच आवाज दूरच्या संगणकाकडे जातो, आणि तोही सांकेतिक रूपात. नेस्ट वायफायमध्ये तर गूगलने मुख्य राउटरात मायक्रोफोन घातलाच नाही. तो फक्त घरात इतरत्र ठेवावयाच्या दुय्यम ठाण्यात आहे, आणि त्या ठाण्याच्या अंगावर मायक्रोफोन बंद करण्याची कळही आहे. याहून अधिक काय पाहिजे?

मामा : ती कळ दिली हे गूगलच्या श्रेयाचे आहे, आणि ते त्याला देण्यास मी कचरणार नाही. परंतु ज्या हाकेच्या शब्दावर तू एवढा भरवसा ठेवतोस, तो शब्द यंत्राला न उच्चारताही ऐकू येतो. २०१८ साली अमेरिकेत पोर्टलंड येथील एका दांपत्याचे घरातले संभाषण त्यांच्या स्पीकराने ध्वनिमुद्रित केले आणि यजमानाच्या हाताखाली काम करणाऱ्या एका परिचिताकडे पाठवून दिले. अमेझॉनने खुलासा केला तो असा, की गप्पांतील निरनिराळे शब्द यंत्राने एकामागून एक हाक, आज्ञा, नाव आणि संमती म्हणून चुकीचे ऐकले. २०१९ च्या एप्रिलमध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने उघडकीस आणले, की अशी ध्वनिमुद्रणे सुधारणेच्या निमित्ताने अमेझॉनची माणसे ऐकतात. त्याच वर्षी जुलैत बेल्जियमच्या व्हीआरटी या प्रसारणसंस्थेच्या हाती गूगलची हजाराहून अधिक ध्वनिमुद्रणे आली, आणि त्यांपैकी १५३ अशी निघाली, की ती कोणी हाक मारली नसताना झालेली होती. त्यांत शयनगृहातील बोलणे होते, आई-वडिलांचे मुलांशी बोलणे होते. यंत्र कुटिल आहे असे मी म्हणत नाही. ते चुकते, आणि त्याच्या चुकीचा साक्षीदार कोणी परका माणूस होतो, एवढेच मी म्हणतो.

भाचा : या घटना मला ठाऊक आहेत, आणि त्यांचे समर्थन मी करणार नाही; त्यांच्यानंतर कंपन्यांना माणसांकरवी ऐकण्याची पद्धत काही काळ थांबवावी लागली व संमतीचे नियम बदलावे लागले. परंतु हे सारे दोष स्पीकराचे आहेत, राउटरचे नव्हेत. स्पीकर स्वतंत्र असता तरी ते घडलेच असते. आणि मायक्रोफोनचेच भय असेल, तर तो तुमच्या खिशातल्या फोनमध्येही आहे. मग राउटरात तो आल्याने नवीन असे काय घडले?

मामा : येथूनच माझ्या म्हणण्याचा खरा प्रारंभ होतो. मला सांग, स्पीकर न बोलाविताही जागा होतो हे जगाला कसे कळले?

भाचा : काही पोर्टलंडसारख्या प्रसंगांनी कळले, काही वार्ताहरांनी उजेडात आणले, आणि काही विद्यापीठांतील संशोधकांनी प्रयोग करून दाखविले. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठ आणि लंडनचे इम्पीरियल कॉलेज यांच्या संशोधकांनी स्पीकरांसमोर दूरचित्रवाणी मालिकांतील संवाद वाजत ठेवले आणि ते केव्हा केव्हा चुकून जागे होतात हे पाहिले.

मामा : आणि ते जागे झाले हे त्यांनी कसे ओळखले?

भाचा : स्पीकरावर दिवा लागतो तो कॅमेऱ्याने टिपला, आणि स्पीकरातून बाहेर जाणारी माहिती जाळ्यावर मोजली.

मामा : जाळ्यावर, म्हणजे मध्ये असलेल्या स्वतंत्र यंत्रावर. आता हे नीट ध्यानात घे. स्पीकर वेगळा असतो तेव्हा त्याचा बाहेर जाण्याचा एकमेव रस्ता राउटरमधून जातो. त्याने रात्री दोन वाजता, घर निजले असताना, किती मजकूर पाठविला, कोठे पाठविला, याची नोंद राउटरपाशी होऊ शकते. मजकुरातले शब्द सांकेतिक असल्यामुळे वाचता येणार नाहीत. पण पाठविले की नाही, केव्हा आणि किती, एवढे तरी कळते. हवे तर मी त्याचा मार्ग तेथेच रोखू शकतो. आता स्पीकर आणि राउटर एकाच कंपनीच्या एकाच डबीत घाल. ज्याची तपासणी करावयाची तोच तपासनीस झाला. संस्थेच्या खजिनदारालाच हिशेबतपासनीस नेमू नये, हा आपल्याकडच्या साध्या वाचनालयाच्या घटनेतही असलेला नियम. तो खजिनदार लबाड असतो म्हणून केलेला नाही, तर प्रामाणिक खजिनदाराचा प्रामाणिकपणा लोकांना दिसावा म्हणून केलेला आहे. फोनचेही तसेच. फोनात मायक्रोफोन आहे हे खरे, पण घरातल्या वायफायवर असताना त्यालाही माझ्या राउटरच्या नाक्यावरून जावे लागते. म्हणून राउटर हे घरातले अखेरचे तटस्थ यंत्र आहे, आणि त्याने तटस्थ राहिले पाहिजे.

भाचा : युक्तिवाद बळकट आहे हे मी मान्य करतो, पण तो व्यवहारात कितपत टिकतो? शंभर गृहस्थांतला एक तरी राउटरची नोंदवही उघडून पाहतो काय? माझ्यासारखे व्यावसायिकही आपल्या घरी ते क्वचितच करतात. तपासणीचा जो हक्क कोणी बजावीतच नाही, त्याच्यापायी मामीची प्रत्यक्ष सोय का नाकारावी? उलट सर्वसामान्य घरातला खरा धोका निराळाच आहे. स्वस्त, जुने, कधीही न सुधारलेले राउटर. २०१६ साली 'मिराई' या घातक आज्ञावलीने कॅमेरे व राउटर यांसारखी लक्षावधी उपकरणे कारखान्यातूनच आलेल्या संकेतशब्दांच्या साहाय्याने ताब्यात घेतली. २०१८ साली 'व्हीपीएनफिल्टर' या दुसरीने ५४ देशांतील किमान पाच लक्ष उपकरणे, बहुतांश घरगुती राउटर, बाधित केली, आणि लोकांनी आपले राउटर बंद करून पुन्हा चालू करावेत, असे आवाहन अमेरिकेच्या एफबीआयला करावे लागले. मोठ्या कंपन्यांची ही नवी यंत्रे रातोरात आपोआप दुरुस्त होतात. सुरक्षिततेच्या दृष्टीने तीच बरी.

मामा : आपोआप होणारी दुरुस्ती हा मोठा गुण आहे, तो स्पीकर नसलेल्या राउटरातही देता येतो आणि पुष्कळ कंपन्या देतात. पण तुझ्याच दाखल्यातून दुसरा निष्कर्ष निघतो. जे यंत्र थेट बाहेरच्या जगाला जोडलेले असते, ज्याच्यावर चोरांचा पहिला घाव पडतो, ते राउटर. अशा यंत्राला कान नसणे हेच हितावह. पाच लक्ष राउटर परक्यांच्या ताब्यात गेले तेव्हा त्यांतून वाहणारा मजकूर धोक्यात आला; त्यांना मायक्रोफोन असते, तर ती पाच लक्ष घरेच धोक्यात आली असती. आणि तपासणीचा हक्क कोणी बजावीत नाही म्हणतोस, तर निबंधकाच्या कचेरीतील दस्तऐवज तरी किती जण पाहावयास जातात? ते पाहता येतात, एवढ्यानेच पुष्कळ लबाडी होण्याआधीच थांबते. एका संशोधकाने तपासले, एका वार्ताहराने छापले, की त्याचा लाभ लक्षावधी न तपासणाऱ्यांना होतो. तपासण्याची वाटच बुजविली, तर तो एक संशोधकही निरुपाय होतो.

भाचा : पण कंपन्या आपल्या यंत्रांचे वर्णन प्रसिद्ध करतात, त्यात काय आहे आणि काय नाही हे ग्राहकाला आधीच कळते.

मामा : नेहमी नाही. गूगलचीच 'नेस्ट सिक्युअर' ही घराच्या राखणीची यंत्रणा २०१७ पासून विकली जात होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीने जाहीर केले, की तिचे मुख्य यंत्र आता बोलण्यालाही उत्तर देईल. तेव्हा ते विकत घेणाऱ्यांना प्रथमच समजले, की त्यात आरंभापासून मायक्रोफोन होता. वर्णनपत्रात त्याची नोंदच नव्हती. नोंद राहून गेली ही आपली चूक झाली, लपविण्याचा हेतू नव्हता, असे कंपनीने सांगितले. तो खुलासा मी खरा धरतो. तरीही घराच्या रक्षणासाठी आणलेल्या यंत्रात कान आहे, हे घरमालकाला वर्षाहून अधिक काळ ठाऊक नव्हते, ही वस्तुस्थिती उरतेच. आणि वर्णन अचूक असले, तरी अटी बदलतात. एकोच्या काही मोजक्या यंत्रांवर अमेरिकेत अशी सोय होती, की आवाजाची छाननी यंत्रातच व्हावी, ध्वनिमुद्रण अमेझॉनकडे जाऊ नये. २८ मार्च २०२५ पासून ती सोय अमेझॉनने काढून घेतली, कारण नव्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सेवेला दूरच्या संगणकाची गरज आहे. ज्याने त्या सोयीवर विश्वासून यंत्र घेतले होते, त्याने काय करावे?

भाचा : वापरणे थांबवावे. तार काढावी.

मामा : अगदी बरोबर. स्वतंत्र स्पीकर असेल, तर त्याने तार काढावी. त्याचे गाणे बंद पडेल, बाकी घर चालू राहील. पण तो स्पीकरच राउटर असेल तर? तार काढताच मुलांचा अभ्यास थांबला, बँकेचे व्यवहार थांबले, कचेरीचे घरून चालणारे काम थांबले, मुलीशी रोज रात्री होणारे चित्रसंभाषण थांबले. दोन कामे एकत्र बांधण्याचा खरा परिणाम हाच, की नकार देणे महाग होते. आणि ज्या ठिकाणी नकार महाग, त्या ठिकाणी संमतीचे मोल कमी. आपल्या देशात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, आणि २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणविषयक कायद्यात असे म्हटले, की संमती मुक्त असावी, बिनशर्त असावी, आणि ती परत घेणे हे देण्याइतकेच सुलभ असावे. जे यंत्र उपटताच घराचा जगाशी संबंध तुटतो, त्या यंत्राला दिलेली संमती परत घेणे सुलभ आहे, असे तू म्हणू शकशील काय?

भाचा : पूर्ण उपटण्याची गरज नाही, कळ दाबून मायक्रोफोन बंद करता येतो, हे मी सांगितलेच. शिवाय तुमचे भय बाजारानेच निवारले आहे. २०२२ चा 'नेस्ट वायफाय प्रो' पाहा: त्यात गूगलने स्पीकर व मायक्रोफोन दोन्ही वगळले. एको डॉटमधले ईरोचे तंत्रही, घरात ईरोचा राउटर असेल आणि मालकाने ते चालू केले, तरच चालते. म्हणजे ग्राहकाला मोकळीक आहे.

मामा : एका कंपनीने एका वर्षी मायक्रोफोन वगळला याचा मला आनंद आहे, परंतु पुढच्या वर्षी तो पुन्हा घालू नये, असे सांगणारा नियम कोठे आहे? आणि एको डॉटचा प्रकार मला अधिक विचार करावयास लावतो. तो घरात येतो स्पीकर म्हणून. मग मालकाच्या संमतीने त्याच्यावर सुमारे हजार चौरस फुटांच्या वायफायचा भार पडतो. आणि त्या दिवसापासून स्पीकर काढून टाकणे म्हणजे मागच्या खोलीचे इंटरनेट घालविणे असा अर्थ होतो. कळीविषयी म्हणशील, तर ती कळ विद्युत्प्रवाहच तोडते की केवळ आज्ञावलीला विनंती करते, हे प्रत्येक यंत्राचे निराळे असते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते समजत नाही. यंत्राचा शेवट कसा होतो तोही विचार कर. फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगलच्या खात्यांच्या व्यवस्थेत काही बिघाड झाला आणि कित्येकांच्या घरचे गूगल वायफाय व ऑनहब राउटर आपोआप कोरे झाले. मालकांना ते पुन्हा पहिल्यापासून मांडावे लागले. तू ज्या देखण्या ऑनहबचे उदाहरण दिलेस, त्याचा सांभाळ गूगलने २०२२ च्या अखेरीस थांबविला. सांभाळ थांबलेला मुका राउटर धोकादायक. सांभाळ थांबलेला आणि कान असलेला राउटर त्याहून धोकादायक.

भाचा : मग मामीच्या अधू दृष्टीचे काय? तुमच्या तत्त्वाने तिला औषधाची वेळ कळणार नाही. आणि तुम्ही म्हणता तशी स्वतंत्र यंत्रे, स्वतंत्र जाळी, नोंदी तपासणे, हे सारे करावयास घरात एक अभियंता लागतो. तुमच्याकडे तो आहे, सगळ्यांकडे नसतो. साधेपणाला काही किंमत आहे की नाही?

मामा : तुझा हा मुद्दा सर्वांत सबळ आहे, आणि त्याला मी उडवाउडवीचे उत्तर देणार नाही. तिच्यासाठी स्पीकर जरूर आण. पण वेगळा आण. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी जे निराळे जाळे उघडता येते, त्याच्यावर त्याला जोड, म्हणजे घरातील इतर उपकरणांशी त्याचा संबंध येणार नाही. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि ते एकदाच करावयाचे आहे. तो कोणत्या खोलीत असावा हे तिने ठरवावे, आणि घरी आलेल्या पाहुण्याला तो तेथे आहे हे सांगावे, कारण पाहुण्याने कोणत्याही अटींवर सही केलेली नसते. आता जोडयंत्रे कोणी बनवूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. बनवावयाची असल्यास चार अटी असाव्यात. मायक्रोफोनचा विद्युत्प्रवाह प्रत्यक्ष तोडणारी कळ असावी आणि यंत्र हाती येईल तेव्हा ती बंद स्थितीत असावी. बोलण्याच्या सेवेचे खाते न उघडताही राउटर पूर्णपणे चालावा. खोक्यावर मायक्रोफोन आहे हे ठळक लिहावे आणि दुरुस्ती किती वर्षे मिळेल ते सांगावे. ब्रिटनने २०२४ च्या एप्रिलपासून इंटरनेटला जोडलेल्या घरगुती उपकरणांच्या बाबतीत दुरुस्तीची किमान मुदत जाहीर करणे कायद्याने आवश्यक केले आहे, तेव्हा हे अशक्य नाही. आणि यंत्राने स्वतः काय बाहेर पाठविले, त्याची नोंद मालकाला, त्याला समजेल अशा भाषेत, पाहता यावी.

भाचा : पहिल्या तीन अटी मला मान्य आहेत. चौथीविषयी माझी शंका उरते, कारण तुम्हीच म्हटल्याप्रमाणे नोंद लिहिणारा पुन्हा तोच असेल. आणि ती शंका तुमच्याच बाजूला जाते हेही मला दिसते. तरी एक गोष्ट मी सोडणार नाही: सामान्य माणसाला जे सोपे वाटत नाही ते तो वापरत नाही, आणि खासगीपणाचे रक्षण सोपे केल्यावाचून ते फक्त जाणकारांच्या घरीच उरेल.

मामा : त्याविषयी आपले दुमत नाही. ते सोपे करणे हे तुझ्या व्यवसायाचे कर्तव्य आहे. तोवर ते अवघड असले तरी करणे हे माझे.

येथे संवाद संपतो. दोन्ही पक्षांचे म्हणणे तोलून पाहता, निर्णय मामांच्या बाजूने द्यावा लागतो. भाच्याने मांडलेली सोय खरी आहे, पण ती सोय मिळविण्यासाठी दोन यंत्रे एकत्र असण्याची काहीच आवश्यकता नाही, आणि ती एकत्र केल्याने गृहस्थाचे जे जाते, म्हणजे तपासण्याची वाट आणि नकार देण्याची मुभा, ते एका सॉकेटच्या व एका तारेच्या बचतीने भरून निघत नाही. यंत्राने आपले ऐकावे की न ऐकावे हा प्रत्येकाच्या आवडीचा प्रश्न आहे. जो ऐकतो त्याच्याच हाती घराचा रस्ता असावा काय, हा प्रश्न मात्र आवडीचा नाही. त्याचे उत्तर आपल्या कायद्यानेच सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी दिलेले आहे, आणि ते उत्तर बदलावे असे काहीही मधल्या काळात घडलेले नाही.

म्हणून नवा राउटर घेणाऱ्या प्रत्येक वाचकाला एवढेच आग्रहाने सांगावयाचे आहे: दुकानदाराला त्याच्या वेगाविषयी विचारण्यापूर्वी, त्यात मायक्रोफोन आहे काय, तो कोणत्या कळीने तुटतो आणि यंत्राचा सांभाळ किती वर्षे होणार आहे, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर लेखी मागा. लेखी उत्तर मिळत नसेल, तर स्पीकर निराळा घ्या आणि राउटर मुकाच ठेवा.